उच्च रक्तदाब : संप्रेरके, चयापचय आणि ज्येष्ठमधाचा विवेक

उच्च रक्तदाबाचा रुग्ण आज प्रत्येक वैद्याच्या चिकित्सालयात नित्य येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के व पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्या व्यक्ती त्यासाठी औषध घेत असल्याचे दिसले. एवढा व्यापक विकार असूनही त्याचा विचार बहुधा दोनच शब्दांत संपतो : मीठ आणि मानसिक ताण. हे दोन्ही हेतू महत्त्वाचे आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु शरीरात मीठ किती साठवावे आणि ताण आल्यावर रक्तवाहिन्यांनी किती आकुंचन पावावे, याचे आदेश संप्रेरके देत असतात. हे आदेश चुकले तर मीठ कमी करूनही रक्तदाब उतरत नाही. काही प्रसंगी तर असा चुकीचा आदेश आपण दिलेल्या किंवा विकलेल्या औषधातूनच जातो. या लेखात आम्ही संप्रेरके व चयापचय यांचा रक्तदाबाशी असलेला संबंध सांगून अखेरीस याच मुद्द्याकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

रक्तदाबाचे नियमन

रक्तदाब दोन गोष्टींवर अवलंबून असतो. हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते ही पहिली आणि लहान धमन्या त्या प्रवाहाला किती विरोध करतात ही दुसरी. शरीरातील सोडियम व जलांश वाढला की पहिली बाजू वाढते; धमन्या आकुंचित झाल्या की दुसरी. बहुतेक संप्रेरके या दोहोंपैकी एका अथवा दोन्ही बाजूंवर कार्य करतात.

या नियमनाच्या केंद्रस्थानी वृक्क आहेत. वृक्कांकडे जाणारा रक्तपुरवठा कमी झाला किंवा शरीरातील सोडियम घटले की वृक्कांतून रेनिन स्रवते. यकृतात तयार होणाऱ्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनापासून रेनिन अँजिओटेन्सिन-१ बनवते आणि पुढे त्याचे अँजिओटेन्सिन-२ होते. हे द्रव्य धमन्यांचे प्रबळ आकुंचन करते, तसेच अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन स्रवण्यास प्रवृत्त करते. अल्डोस्टेरॉन वृक्कांतील सूक्ष्म नलिकांच्या शेवटच्या भागात सोडियम परत शोषून घ्यावयास लावते आणि त्याच्या मोबदल्यात पोटॅशियम मूत्रावाटे बाहेर टाकते. वृक्कांत दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो व त्यातील ९९ टक्के परत शोषला जातो. गाळल्या गेलेल्या सोडियमपैकी केवळ शेवटच्या काही टक्क्यांवर अल्डोस्टेरॉनचा अधिकार चालतो. परंतु तेवढ्यावरच शरीरातील जलांशाचा तोल राहतो किंवा बिघडतो.

निरोगी अवस्थेत रक्तदाब वाढताच रेनिन घटते आणि हे चक्र आपोआप मंदावते. हे स्वयंनियंत्रण सुटले म्हणजे विकृती सुरू होते.

अल्डोस्टेरॉनचे आधिक्य

अल्डोस्टेरॉनचा शोध १९५३ साली लागला. त्यानंतर लवकरच, १९५५ मध्ये, अमेरिकेतील मिशिगन येथील जेरोम कॉन यांनी एक नवीन विकार प्रसिद्ध केला. अधिवृक्क ग्रंथीच्या लहानशा अर्बुदातून अल्डोस्टेरॉन अनिर्बंध स्रवत होते; परिणामी रक्तदाब वाढलेला, पोटॅशियम घटलेले आणि स्नायू दुर्बल झालेले होते. दीर्घकाळ हा विकार अतिदुर्मिळ समजला गेला. आज मात्र उच्च रक्तदाबाच्या सर्वसाधारण रुग्णांपैकी सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत तो असतो आणि तीन औषधांनाही दाद न देणाऱ्या रुग्णांत त्याचे प्रमाण याहून बरेच अधिक असते, असे मानले जाते. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर उच्च रक्तदाबाच्या सर्वच रुग्णांची या दृष्टीने चाचणी करावी, असे सुचविले आहे.

येथे एक बाब ध्यानात ठेवावी. पोटॅशियम घटलेले आढळले तर या विकाराचा संशय बळावतो. परंतु पोटॅशियम प्राकृत आहे म्हणून हा विकार नाही, असे म्हणता येत नाही. यातील अनेक रुग्णांचे पोटॅशियम प्राकृतच असते. निदानाचा पाया रक्तातील अल्डोस्टेरॉन व रेनिन यांच्या एकत्रित मापनात आहे : अल्डोस्टेरॉन अधिक, रेनिन अत्यल्प.

कॉर्टिसॉल आणि वृक्कातील द्वारपाल

अधिवृक्क ग्रंथींचे दुसरे महत्त्वाचे संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल. ज्या ग्राहकावर अल्डोस्टेरॉन बसते, त्याच ग्राहकावर कॉर्टिसॉलही तितक्याच सहजतेने बसू शकते. रक्तातील कॉर्टिसॉलचे प्रमाण अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पटींनी अधिक असते. मग प्रत्येक मनुष्याचा रक्तदाब कॉर्टिसॉलमुळे वाढत का नाही?

याचे उत्तर वृक्कनलिकांच्या पेशींतील एका विकरात आहे. हे विकर पेशीत शिरणाऱ्या कॉर्टिसॉलचे रूपांतर कॉर्टिसोन या निष्क्रिय द्रव्यात करते. त्यामुळे ग्राहक अल्डोस्टेरॉनसाठी मोकळा राहतो. हे विकर एखाद्या द्वारपालासारखे आहे. द्वारपाल जागा असेल तोवर आत केवळ अल्डोस्टेरॉनला प्रवेश मिळतो. तो निद्रिस्त झाला तर कॉर्टिसॉलचा लोंढा आत घुसतो आणि अल्डोस्टेरॉनचे सोंग घेऊन सोडियम साठवू लागतो.

कॉर्टिसॉल अतिमात्रेत असले तरी द्वारपाल अपुरा पडतो. कुशिंगच्या विकारात चंद्राकार मुख, उदरावर व मानेमागे मेदसंचय, हातापायांची कृशता आणि रुंद जांभळट रेषा यांबरोबर रक्तदाबही वाढतो. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांतही हेच चित्र दिसते. संधिवात अथवा श्वासावर 'तीन दिवसांत गुण' देणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळल्याचे प्रकार उघड झाले आहेत. त्या पुड्या आयुर्वेदाच्या नावाने खपतात, म्हणून त्यांविषयी सर्वाधिक जागरूक आपणच असले पाहिजे. एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी : अशी पुडी दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णास ती एकाएकी बंद करावयास लावू नये. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी मंद झालेल्या असतात व अकस्मात खंड पडल्यास प्राणावर बेतू शकते. त्यास तज्ज्ञाकडे पाठवून मात्रा क्रमाने उतरवावी.

ज्येष्ठमधाचा प्रश्न

वरील द्वारपालास निद्रिस्त करणारे एक सुपरिचित द्रव्य आपल्या प्रत्येकाच्या फडताळात आहे. ते म्हणजे ज्येष्ठमध.

ज्येष्ठमधाची योग्यता आम्ही वैद्यवर्गास सांगावी असे नाही. चरकाचार्यांनी मेध्य रसायनांत यष्टिमधूची गणना केली आहे. कंठ्य, वर्ण्य, व्रणरोपण असे त्याचे गुण आपण नित्य अनुभवतो. अम्लपित्त, कास, स्वरभेद यांत ते हाताशी येणारे पहिले द्रव्य. गायक आणि कीर्तनकार त्याची कांडी तोंडात धरतात. घरोघरी ते काढ्यात पडते. २०२० च्या महासाथीपासून तर काढ्यांचा प्रघात अधिकच वाढला.

याच मुळातील ग्लिसरायझिन या मधुर द्रव्याचे आतड्यात ग्लिसऱ्हेटिनिक आम्ल होते. ते शोषले जाऊन वृक्कांतील उपरोक्त विकराचे कार्य रोखते. मग कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या जागी बसते. सोडियम व जल साठते, पोटॅशियम वाहून जाते, रक्तदाब चढतो. रक्ताची तपासणी केल्यास रेनिनही कमी आणि अल्डोस्टेरॉनही कमी आढळते. कारण शरीर आपल्या परीने चक्र मंद करू पाहत असते. कॉन यांच्या विकारात अल्डोस्टेरॉन अधिक असते, येथे ते घटलेले असते. हाच दोहोंतील व्यवच्छेद होय.

ही केवळ प्रयोगशाळेतील उपपत्ती नव्हे. नेदरलँड्समधील रेव्हर्स या वैद्यकाने १९४६ साली जठरव्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा घन दिला. व्रणावर गुण आला. परंतु काही रुग्णांना शोथ व शिरःशूल होऊ लागला. १९६८ मध्ये कॉन यांनीच ज्येष्ठमधजन्य विकृतीचे वर्णन केले आणि १९८७ मध्ये एडिनबर्ग येथील संशोधकांनी विकराची ही भूमिका स्पष्ट केली. म्हणजे व्रणरोपणाचा जो गुण आपले ग्रंथ सांगतात, त्याची प्रचीती आणि अतियोगाचे लक्षण, ही दोन्ही त्या डच रुग्णांत एकाच वेळी दिसून आली.

मात्रेचा हिशेब

युरोपीय आयोगाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने २००३ साली नियमित सेवनासाठी ग्लिसरायझिनची दररोज १०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा सुचविली. २०२४ साली स्वीडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी तरुण व्यक्तींना दररोज तेवढेच, १०० मिलिग्रॅम, दोन आठवडे दिले असता वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ३ मिलिमीटरने वाढला. वाढ लहान आहे. पण ती निरोगी तरुणांतील व अवघ्या दोन आठवड्यांतील आहे, हे विसरू नये.

आता आपल्या चूर्णाचा हिशेब करू. चांगल्या प्रतीच्या ज्येष्ठमधात ग्लिसरायझिनचे प्रमाण किमान ४ टक्के अपेक्षित असते. तीन ग्रॅम चूर्ण दिवसातून दोन वेळा दिल्यास सहा ग्रॅम होते आणि त्यातून २४० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन पोटात जाते. म्हणजे आपली नेहमीची औषधी मात्रा त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे. मूळ जितके उत्तम, तितका हा आकडा मोठा.

यावरून ज्येष्ठमध त्याज्य ठरते काय? मुळीच नाही. निरोगी व्यक्तीस कासासाठी पाच-सात दिवस दिलेल्या मात्रेने सहसा अपाय होत नाही. लेप, परिषेक, सिद्ध तैलाचा अभ्यंग अथवा गंडूष करून थुंकून टाकणे यांत आभ्यंतर सेवनासारखी भीती नाही. भय आहे ते दीर्घकाळच्या, दैनंदिन, देखरेखीविना चालणाऱ्या सेवनाचे आणि तेही विशिष्ट रुग्णांत : ज्यांचा रक्तदाब आधीच वाढलेला आहे, जे वयस्कर आहेत, ज्यांना हृद्रोग वा वृक्कविकार आहे, जे मूत्रल औषधे घेतात किंवा ज्यांना डिगॉक्सिन चालू आहे. पोटॅशियम घटलेल्या हृदयावर डिगॉक्सिन विषवत् ठरू शकते.

योगांचाही विचार केला पाहिजे. यष्ट्यादि चूर्ण व स्वादिष्ट विरेचन चूर्ण यांत ज्येष्ठमधाबरोबर सोनामुखी असते. सोनामुखीच्या नित्य वापराने मलावाटे पोटॅशियम जाते, ज्येष्ठमधाने मूत्रावाटे. त्यात रुग्ण रक्तदाबासाठी मूत्रल गोळी घेत असेल तर तिसरी वाटही उघडते. विबंधासाठी वर्षानुवर्षे रात्री एक चमचा घेणारे असे वृद्ध रुग्ण प्रत्येक गावात आहेत. एलादि वटीतही ज्येष्ठमध आहे. गोळ्या चघळत राहण्याची सवय असलेल्या रुग्णास त्या दिवसाकाठी किती होतात, हे विचारलेच पाहिजे.

आमच्या चिकित्सालयात आलेल्या एका अठ्ठावन्न वर्षांच्या गृहस्थांचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. त्यांचा रक्तदाब दोन औषधे चालू असूनही १७०/१०० च्या खाली येत नव्हता. पायांवर किंचित शोथ, मांड्यांत थकवा, जिना चढताना पाय 'सोडल्यासारखे' वाटणे, अशा तक्रारी होत्या. पोटॅशियम २.९ होते, प्राकृत मर्यादा ३.५ ते ५. औषधांच्या यादीत काहीच संशयास्पद नव्हते. 'औषध' हा शब्द वगळून आम्ही दिवसभरात काय काय पोटात जाते, असे विचारले, तेव्हा जळजळीसाठी गेले आठ महिने सकाळ-सायंकाळ दुधातून ज्येष्ठमधाचे चूर्ण घेत असल्याचे त्यांनी सांगितले. ते त्यांच्या लेखी औषध नव्हतेच. चूर्ण बंद केले, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या सहकार्याने पोटॅशियम भरून काढले. सहा आठवड्यांनी रक्तदाब १३६/८४ वर आला. परिणाम ओसरण्यास असे काही आठवडे लागू शकतात. चार दिवसांत उतार नाही म्हणून कारण चुकीचे ठरवू नये.

अन्य संप्रेरके

अवटू ग्रंथीचा स्राव वाढला असता हृदयाची गती व उत्क्षेप वाढतो. वरचा रक्तदाब चढतो आणि खालचा उतरतो, त्यामुळे दोहोंतील अंतर वाढते. स्राव घटल्यास धमन्यांचा विरोध वाढून खालचा रक्तदाब चढतो. आळस, शीतासहत्व, त्वचेची रूक्षता, वजनवाढ यांसह खालचा रक्तदाब वाढलेली स्त्री समोर असल्यास अवटूची चाचणी प्रथम करावी. अश्वगंधेने अवटूचा स्राव वाढू शकतो, असे निरीक्षण आहे. म्हणून हृद्द्रव, कंप व वजनघट असलेल्या रुग्णास ती निद्रेसाठी देताना हे स्मरणात असावे.

ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन ही तत्काळ आदेशाची संप्रेरके. वेगाने येणारे शिरःशूल, हृद्द्रव व स्वेद हे त्रिकूट आणि त्या वेळी अतिशय चढणारा रक्तदाब आढळल्यास अधिवृक्क ग्रंथीतील अर्बुदाचा संशय घेऊन रुग्णास तत्काळ तज्ज्ञाकडे पाठवावे. श्वासात वापरल्या जाणाऱ्या सोमलतेतील एफेड्रिनही नॉरॲड्रेनॅलिनच्या मार्गानेच कार्य करते आणि रक्तदाब वाढविते.

याउलट सर्पगंधेचे कार्य. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील अनुभव प्रसिद्ध केला आणि हे भारतीय मूळ जगभर पोहोचले. १९५२ मध्ये त्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. ते नाडीतंतूंच्या टोकांशी असलेला नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिता करते. म्हणजे सर्पगंधाही संप्रेरकसदृश द्रव्यांच्या मार्गानेच रक्तदाब उतरविते. मात्र हा साठा मेंदूतही रिता होतो. म्हणून विषादाचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास ती देऊ नये. जठरव्रण व मंद नाडी असतानाही टाळावी.

स्त्रियांच्या बाबतीत संततिप्रतिबंधक गोळ्यांतील इस्ट्रोजेनमुळे यकृतातील अँजिओटेन्सिनोजेन वाढते व काहींचा रक्तदाब चढतो. तरुण स्त्रीचा रक्तदाब वाढलेला आढळल्यास हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

मेद, इन्सुलिन आणि वृक्क

उच्च रक्तदाबाच्या बहुसंख्य रुग्णांत वरीलपैकी एकही विशिष्ट विकार नसतो. तेथे चयापचयाची विकृती अधिक कारणीभूत ठरते. १९८८ साली अमेरिकेतील जेराल्ड रीव्हन यांनी इन्सुलिनला दाद न देणारे शरीर, रक्तातील मेदाची विकृती, मधुमेहाची प्रवृत्ती व रक्तदाब यांचा एकत्रित विचार मांडला. स्नायू व यकृत इन्सुलिनला जुमानेनासे झाले की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवते. साखरेच्या बाबतीत दाद न देणारे हेच शरीर सोडियमच्या बाबतीत मात्र दाद देत राहते. त्यामुळे वाढलेले इन्सुलिन वृक्कांत सोडियम साठविते आणि अनुकंपी नाडीसंस्थेस चेतविते. उदरातील मेदही निष्क्रिय साठा नव्हे. त्यातून अँजिओटेन्सिनोजेन, लेप्टिन इत्यादी द्रव्ये स्रवतात व तीही रक्तदाबास हातभार लावतात. लठ्ठ रुग्णांत निद्रेतील घोरणे व श्वास अडखळणे यांमुळे ही चेतना रात्रभर चालू राहते.

आपल्याकडे केवळ वजनावर विसंबून चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही देहभारांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होता. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयातही मेदसंचय असतो, हा त्याचा अर्थ. म्हणून कटीचा घेर मोजावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा आपल्यासाठी मानली जाते.

येथे चरकसंहितेतील एक नोंद लक्षवेधी आहे. विमानस्थानात मेदोवह स्रोतसांचे मूळ वृक्क व वपावहन असे सांगितले आहे आणि त्यांच्या दुष्टीच्या हेतूंत अव्यायाम, दिवास्वाप व मेद्य पदार्थांचे अतिसेवन यांचा निर्देश आहे. यावरून चरकाचार्यांना रेनिन ठाऊक होते, असे म्हणणे धाडसाचे होईल आणि तसा दावा करून शास्त्राचा गौरवही होत नाही. परंतु उदरातील मेद व वृक्क यांचा चिकित्सेत एकत्र विचार करावा, ही दिशा त्यात निश्चित आहे. उच्च रक्तदाब या नावाचा व्याधी संहितांत नाही. त्याची संप्राप्ती व्यानवायूची विकृती, मेदाने होणारे मार्गावरण व रस-रक्तातील क्लेदवृद्धी यांतून रुग्णानुसार मांडावी लागते. अल्डोस्टेरॉनप्रधान रुग्णात क्लेद अधिक, ॲड्रेनॅलिनप्रधान रुग्णात वाताचे चलत्व अधिक, इन्सुलिनप्रधान रुग्णात मेद अधिक, असे स्थूलमानाने आमचे मत आहे.

लवण व क्षार

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण या तिघांचा अतियोग टाळण्यास सांगितले आहे. ही तिन्ही उत्तम औषधे आहेत. तरीही सततच्या वापराची हरकत घेतली आहे. द्रव्य गुणकारी असणे आणि ते निरंतर सेवनीय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यातील बोध. ज्येष्ठमधाचा प्रश्नही आम्ही याच तत्त्वात बसवितो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ घ्यावे. सैंधव पथ्यकर म्हणून रुग्ण ते मोकळ्या हाताने वापरतात. परंतु सैंधवही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच होय. लवणभास्कर चूर्णात सामुद्र, सौवर्चल, विड व सैंधव अशी चार लवणे आहेत. रक्तदाबाच्या रुग्णाने ते भोजनोत्तर नित्य घेतल्यास आपण पानातील मीठ कमी करावयास लावून चूर्णातून परत देतो.

चिकित्सकाने काय पाहावे

प्रथम रक्तदाब नीट मोजावा : पाच मिनिटे विश्रांती, पाठीस आधार, हात हृदयाच्या पातळीवर, निदान दोन वेळा मापन. पुढील लक्षणे असता संप्रेरकांचा संशय घ्यावा : तिशीच्या आत वाढलेला रक्तदाब, आजवर आटोक्यात असलेला रक्तदाब एकाएकी चढणे, तीन औषधांनीही न उतरणारा रक्तदाब, स्नायुदौर्बल्य, रात्री वारंवार मूत्रप्रवृत्ती, पोटॅशियमची घट, वेगाने येणारी लक्षणे. प्रत्येक नव्या रुग्णात सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, रक्तशर्करा व अवटूची चाचणी करून घेणे खर्चाच्या मानाने फलदायी ठरते.

इतिहास घेताना काढे, चूर्णे, मुखवासाच्या गोळ्या, कफाची पाके व घरगुती उपाय यांची स्वतंत्र विचारणा करावी. चालू असलेली आधुनिक औषधे अकस्मात बंद करू नयेत. क्लोनिडिन व हृदयगती मंद करणाऱ्या काही गोळ्यांच्या बाबतीत तसे केल्यास रक्तदाब उसळून चढतो. शमन औषधांचा क्रम यानंतरचा. साधारणतः एक किलो वजन घटल्यास वरचा रक्तदाब सुमारे एक मिलिमीटरने उतरतो. तेव्हा लंघन, व्यायाम व निद्रेची शिस्त यांना दुय्यम लेखू नये.

औषधालय मालकांसाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये ज्येष्ठमधाचा समावेश नाही. त्यामुळे 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना वेष्टनावर असण्याचे बंधन नाही. कायद्याने न सांगितलेली ही दक्षता विक्रेत्यालाच घ्यावी लागते. ज्येष्ठमध चूर्णाचा तिसरा-चौथा डबा मागणाऱ्या गिऱ्हाइकास 'रक्तदाबाची गोळी चालू आहे का?' एवढे विचारणे कठीण नाही. वेष्टनावर घटकद्रव्यांची यादी असते. सोनामुखी व ज्येष्ठमध दोन्ही असलेले योग कोणते, याची लहानशी सूची गल्ल्याजवळ लावून ठेवावी. उत्पादकांनी ग्लिसरायझिनविरहित ज्येष्ठमधाचा विचार करावा. त्याने या विकराच्या मार्गाने होणारा अपाय टळतो, परंतु त्याचे गुण मूळ द्रव्यासारखेच राहतील असे गृहीत धरू नये.

अपाय आढळल्यास आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे त्याची नोंद करावी. या कार्यक्रमाचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. अशी नोंद केल्याने आयुर्वेदाची अपकीर्ती होते, ही समजूत सोडून दिली पाहिजे. जे शास्त्र आपल्या द्रव्यांचा अतियोग स्वतः सांगते, त्यावर रुग्णाचा विश्वास अधिक बसतो.

उपसंहार

रक्तदाब हा अनेक आदेशांचा परिपाक आहे. अल्डोस्टेरॉन, कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन, अवटूचा स्राव व इन्सुलिन यांपैकी कोणाचा आदेश अनावर झाला आहे, हे शोधल्याविना दिलेले औषध अंधारात मारलेल्या बाणासारखे ठरते. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपण सर्वजण शिकलो. ते सूत्र रुग्णाच्या ताटापुरते मर्यादित न ठेवता आपल्या औषधांच्या फडताळापर्यंत नेणे, हे आजच्या वैद्याचे व औषधविक्रेत्याचे संयुक्त कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.